ग्लिसरीन: बेळगाव-खानापूरकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी बरीच वर्षं विज्ञान शिकवलं. आता महिला मंडळांत साबणाचे वर्ग घेते. वर्गात पोरं विचारायची तेच प्रश्न आता त्यांच्या आया विचारतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला गेलेली पोरं रात्री दहाला फोन करून पुन्हा तेच विचारतात. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. क्रम लावायच्या भानगडीत पडले नाही. ज्याला जे हवं ते त्याने शोधावं.

ग्लिसरीन आणि ग्लिसरॉल एकच का?

एकच. दुकानात मागताना ग्लिसरीन, पुस्तकात ग्लिसरॉल. नावाच्या शेवटी ‘ऑल’ आलं की समजायचं, हे अल्कोहोलच्या घराण्यातलं. अल्कोहोल म्हटल्यावर वर्गात मागच्या बाकावर खुसुखुसु हसू यायचंच, म्हणून आधीच सांगते: याने नशा येत नाही.

रेणू छोटा आहे. तीन कार्बन ओळीत उभे आणि प्रत्येकाच्या हातात एकेक ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. पाण्याला धरून ठेवायचं काम हे गट करतात. इथॅनॉलकडे असा एकच गट, ग्लायकॉलकडे दोन, ग्लिसरॉलकडे तीन, टूथपेस्टमधल्या सॉर्बिटॉलकडे सहा. गट वाढले की रेणू एकमेकांना घट्ट धरतात, द्रव दाट होतो आणि उकळायला जास्त उष्णता लागते. तीन कार्बनवाल्या भावंडांचंच बघा. प्रोपॅनॉल ९७ अंशांना उकळतं, प्रोपिलिन ग्लायकॉल १८८ला आणि ग्लिसरॉल २९०ला. कार्बन तेवढेच, फरक फक्त त्या गटांचा. पुढच्या बहुतेक उत्तरांत हे तीन गट पुन्हा पुन्हा भेटतील.

खाण्याच्या तेलात ग्लिसरीन असतं म्हणतात. मग तेल गोड का लागत नाही?

कारण तिथे ते मोकळं नसतं. तेल असो, तूप असो, चरबी असो, त्याचा रेणू म्हणजे एक ग्लिसरॉल आणि त्याच्या तिन्ही गटांना जोडलेली तीन लांब शेपटांची मेदाम्लं. तिन्ही गट अडकलेले, म्हणून ना पाण्यात विरघळणं, ना गोडी. ती शेपटं तोडली की ग्लिसरॉल सुटतं. शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७९मध्ये ऑलिव्हचं तेल आणि मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाचं ऑक्साइड, एकत्र तापवलं तेव्हा त्याच्या हाती एक गोड पाणी लागलं. पुढे शेव्रल या फ्रेंच माणसाने चरबीचा अभ्यास करताना त्याला ग्लिसरीन हे नाव दिलं. ‘गोड’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आलंय. साखरेच्या निम्म्याहून थोडी जास्त गोडी असते त्याला.

शिशाचं ऑक्साइड घालून केलेलं ते पाणी शील यांनी चाखून बघितलं, ही त्या काळची पद्धत. तुम्ही प्रयोगशाळेतलं काहीही चाखायचं नाही.

घरी साबण केला तर ग्लिसरीन किती निघतं?

हिशोब मांडून दाखवते, कारण वर्गात यालाच सगळ्या बायका वही काढतात. एक किलो खोबरेल तेलाला साधारण १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. तेलाच्या एका रेणूला कॉस्टिकचे तीन रेणू लागतात, म्हणजे वजनाने १२० ग्रॅम कॉस्टिकमागे ९२ ग्रॅम ग्लिसरॉल सुटतं. १८३ला १२०ने भागा, ९२ने गुणा. १४० ग्रॅम आलं. शेंगतेल घेतलंत तर किलोला १३६ ग्रॅमच कॉस्टिक लागतो आणि ग्लिसरॉल निघतं सुमारे १०४ ग्रॅम. खोबरेलाची शेपटं आखूड, म्हणून एका किलोत रेणू जास्त बसतात. टोपलीत लिंबं जास्त मावतात, पपया कमी, तसं.

घरच्या साबणात हे सगळं ग्लिसरॉल वडीतच राहतं. म्हणून ती वडी हाताला मऊ लागते आणि म्हणूनच पावसाळ्यात तिला घाम फुटतो. साबण बिघडला नाही, तो हवेतलं पाणी ओढतोय.

आता माझी फजिती. एका आषाढात जांबोटीकडच्या वर्गात सगळं तोलून-मापून केलं, तरी साबण बसेना. वर तेल तरंगत राहिलं. दोन दिवस मी तेलालाच दोष देत होते. मग कॉस्टिकच्या पिशवीत हात घातला, म्हणजे चमचा घातला, तर खडे एकमेकांना चिकटून ओले झालेले. कॉस्टिकसुद्धा हवेतलं पाणी पितो. मी १८३ ग्रॅम तोलला खरा, पण त्यात बरंच पाणीच होतं. तेव्हापासून पिशवी फोडली की उरलेला कॉस्टिक घट्ट झाकणाच्या डब्यात जातो, डब्यावर तारीख आणि नाव.

आणि हे पाठच करून ठेवा: कॉस्टिक पाण्यात हळूहळू टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधी ओतायचं नाही. भांडं स्टीलचं. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक त्याला खातो आणि वर हायड्रोजन सुटतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे आणि लहान पोरं घराबाहेर.

कारखानदार साबणातलं ग्लिसरीन काढून घेतात, हे खरं का?

मोठ्या कारखान्यांत काढतात, त्यात चोरी काही नाही. शिजलेल्या साबणात मिठाचं पाणी घालतात. साबण फुटून वर येतो, ग्लिसरॉल आणि मीठ खालच्या पाण्यात राहतं. ते पाणी आटवून, शुद्ध करून ग्लिसरीन वेगळं विकतात. औषधांना, सौंदर्यप्रसाधनांना ते लागतंच. काही साबणांत नंतर पुन्हा थोडं घालतात. पारदर्शक साबणांत तर ते मुद्दाम ठेवलेलं असतं.

थंडीत टाचांना भेगा पडतात. नुसतं ग्लिसरीन लावलं तर चालेल का?

नुसतं नको. ग्लिसरीन स्वतः ओलावा देत नाही, जिथून मिळेल तिथून पाणी ओढून घेतं. हवेत पाणी असेल तर हवेतून घेईल, हवा कोरडी असेल तर कातडीच्या आतल्या थरातून ओढेल. खानापूरच्या श्रावणात ते लावलं तर हात नुसते चिकट होतात, कारण इथली हवाच ओली. तेच जानेवारीत अथणीकडच्या कोरड्या वाऱ्यात नुसतं चोपडलंत तर कातडी आणखी ताणल्यासारखी वाटेल. बाटली तीच असते, बदलते ती हवा.

मी काय करते? पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवते, पुसते पण ठणठणीत कोरडे करत नाही, मग एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गुलाबपाणी लावते. वरून खोबरेल किंवा व्हॅसलीनचा पातळ थर. ग्लिसरीनने पाणी धरायचं, तेलाने ते उडू द्यायचं नाही. मग मोजे घालून झोपायचं.

लिंबू पिळायची पद्धत आपल्याकडे फार आहे. भेगांत ते झोंबतं आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर काही जणांच्या कातडीवर काळे डाग उठतात. शेतात जाणाऱ्या बायकांनी तर टाळावंच. भेगांतून रक्त येत असेल किंवा शुगर असेल तर हे घरगुती प्रकार सोडा आणि डॉक्टरांना पाय दाखवा.

शंभर ग्रॅमची बाटली आणली तर ती ऐंशी मिलीच भरली. दुकानदाराने फसवलं का?

नाही हो. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड आहे, एका लिटरचं वजन १.२६ किलो. शंभर ग्रॅमला १.२६ने भागा, ऐंशीच्या आत-बाहेर येतं. एक बाई यावरून दुकानात भांडून आल्या होत्या. पुन्हा जाऊन चहा पिऊन आल्या.

पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकलं की आग लागते. शाळेत आमचा प्रयोग का फसला?

थंडीमुळे फसला असेल किंवा बाटलीत पाणी शिरलं असेल. पण ‘फसला’ म्हणण्याची घाई करू नका, मी ती केली होती.

डिसेंबरची सकाळ, जंगलाच्या कडेची शाळा, बाकावर हात ठेवला तर गार. फरशीच्या तुकड्यावर परमँगनेटची जांभळी ढिगोळी केली, मध्ये खड्डा केला आणि त्यात ग्लिसरीनचे थेंब सोडले. ते मधासारखे ओघळले आणि बसून राहिले. दहा सेकंद, तीस सेकंद, मिनिट. पोरं चुळबुळ करायला लागली. मागून आवाज आला, “बाई, हे काय पेटत न्हाई की ओ!” मी म्हटलं, बाटली जुनी असेल आणि काचेच्या कांडीने ढवळायला वाकले. तेवढ्यात आधी धुराची एक बारीक रेघ आली आणि लगेच फसकन जांभळट ज्वाळा. माझी डावी भुवई अर्धी गेली. त्या वर्गातली पोरं आज संसाराला लागली, तरी भेटली की आधी भुवईकडे बघतात.

घडतं ते असं. परमँगनेट ऑक्सिजन देऊन टाकायला टपलेलं असतं, ग्लिसरॉल तो घेतं. सुरुवातीला हे सावकाश चालतं, पण त्यातून उष्णता सुटते, उष्णतेने वेग वाढतो आणि एका क्षणी भडका. थंडीत ग्लिसरीन इतकं घट्ट होतं की कणांत शिरायलाच वेळ लागतो. पाणी शिरलेलं असलं तर उष्णता पाणीच खातं. म्हणून थांबायचं, लांब उभं राहायचं, वाकायचं नाही. आणि घरी करायचाच नाही.

जाता जाता: शुद्ध ग्लिसरीनचा गोठणबिंदू सुमारे १८ अंश आहे. मग बेळगावच्या थंडीत बाटली गोठत कशी नाही? कारण ते सहसा स्फटिक धरतच नाही. १८च्या खालीही द्रवच राहतं, फक्त जास्त जास्त दाट होत जातं.

मिरची भजीच्या गाड्याजवळ डोळे का चुरचुरतात? मिरचीमुळे का?

मिरचीचा वाटा असेलच, पण कढईतलं तेल धुरावलं असेल तर खरा गुन्हेगार अॅक्रोलिन. तेल फार तापलं की त्यातलं ग्लिसरॉल सुटतं आणि त्याच्यातून पाण्याचे दोन रेणू निघून जातात. उरतं ते अॅक्रोलिन, नाका-डोळ्यांना झोंबणारं. प्रयोगशाळेत तेल किंवा चरबी ओळखायची जुनी चाचणी हीच: पोटॅशियम बायसल्फेटबरोबर तापवा आणि वास घ्या. एकदा घेतला की आयुष्यभर विसरत नाही. संध्याकाळी गाड्यावर गिरमिट खाताना तो आला की मी ओळखते, आज तेल बदललेलं नाही.

ग्लिसरीन शाकाहारी असतं का? आमच्या घरी जैन मंडळी विचारतात.

रास्त प्रश्न आहे आणि आपल्या भागात तर तो रोजचा. ग्लिसरॉलचा रेणू पाहून ते कुठून आलं हे कळत नाही. पामतेलातून निघालेलं आणि जनावरांच्या चरबीतून निघालेलं, दोन्ही तंतोतंत सारखी. खाण्याच्या पाकिटावर ई४२२ असं लिहिलेलं असतं, ते हेच. तिथे हिरवा ठिपका बघायचा. साबण-क्रीमवर वनस्पतिजन्य असं स्पष्ट लिहिलं असेल तर ठीक, नाहीतर कंपनीला विचारा. मी खात्री देऊ शकत नाही, नुसतं बघून कुणीच देऊ शकणार नाही.

कुंद्यात ग्लिसरीन घालतात का?

कशाला घालतील! कुंदा म्हणजे दूध, खवा आणि साखर आटवणं. केकवरच्या फाँडंटमध्ये घालतात, तो सुकून तडकू नये म्हणून.

आपल्याकडे एवढा ऊस आहे. उसापासून ग्लिसरीन होतं का?

होतं आणि एकदा तर अक्षरशः लढाईसाठी केलं गेलं. यीस्ट साखर आंबवतं तेव्हा मुख्यतः इथॅनॉल होतं, पण थोडं ग्लिसरॉलही होतं. द्राक्षाच्या वाइनमध्ये लिटरमागे पाच ते दहा ग्रॅम असतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीची नाकेबंदी झाली, बाहेरून चरबी येईना आणि स्फोटकांना तर ग्लिसरीन हवं. तेव्हा त्यांनी आंबवणाऱ्या साखरेत सल्फाइट घातलं. त्याने यीस्टची इथॅनॉलची वाट अडवली जाते आणि त्याला नाइलाजाने ग्लिसरॉल जास्त करावं लागतं.

आज मात्र मळीपासून कुणी ते करायला जात नाही, कारण परवडत नाही. बायोडिझेल करताना शंभर किलो तेलामागे दहा किलोच्या आसपास ग्लिसरॉल आयतं निघतं. आपल्या बांधावरचा करंज, कन्नडमध्ये होंगे, त्याच्या तेलाचं बायोडिझेल केलं तरी हेच. मळीची किंमत इथॅनॉलमध्ये. कारखान्याच्या गप्पा मारणाऱ्या आमच्या अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग ऊसवाल्याला काय?” काही नाही, अण्णा.

रक्ताच्या रिपोर्टात ‘ट्रायग्लिसराइड’ जास्त आलंय. ग्लिसरीन लावल्याने का?

नाही. ट्रायग्लिसराइड म्हणजे वर सांगितलेली तीच चरबी, एक ग्लिसरॉल आणि तीन मेदाम्लं, रक्तातून फिरणारी. हातापायाला लावलेल्या ग्लिसरीनचा त्याच्याशी संबंध नाही. गोड, तळकट, दारू, वजन, शुगर याबद्दल डॉक्टर बोलतील ते ऐका. गंमत म्हणजे कडक एकादशीला शरीर हीच चरबी फोडतं, तेव्हा सुटलेल्या ग्लिसरॉलपासून यकृत साखर बनवतं. साबुदाण्याची खिचडी चापून खाल्ली तर ही वेळ येत नाही.

गाय भरवायला डॉक्टर येतात, त्या स्ट्रॉमध्ये ग्लिसरीन असतं म्हणे?

असतं, आणि ही गोष्ट मला फार आवडते. वीर्य गोठवून ठेवायचं तर आत बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. १९४०च्या दशकात लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे तिघं कोंबड्याच्या वीर्यावर प्रयोग करत होते. साखरेच्या द्रावणात काही जमेना. काही महिन्यांनी शीतगृहातली जुनी बाटली काढून पुन्हा केलं, तर शुक्राणू गोठवून वितळवल्यावरही हालचाल करत होते! बाटली तपासली, तर तिच्यात साखर नव्हतीच. लेबलांची अदलाबदल झाली होती आणि आत ग्लिसरॉल होतं. १९४९मध्ये त्यांनी हे छापलं. ग्लिसरॉल पेशीत शिरतं, तिथल्या पाण्याला धरून ठेवतं आणि बर्फाला मोठे स्फटिक करू देत नाही. आज द्रव नायट्रोजनच्या टाकीत उणे १९६ अंशांना ठेवलेल्या स्ट्रॉतून तुमच्या गोठ्यात वासरू येतं, त्याचं मूळ हे.

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी नायट्रोग्लिसरीनची. ती फुटेल का?

फुटणार नाही. गोळीत औषध मिलिग्रॅमच्याही अंशात असतं, बाकी सगळा भरावा. सोब्रेरो यांनी १८४७मध्ये ट्युरिनला ग्लिसरॉलवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून ते पहिल्यांदा बनवलं आणि त्याच्या स्फोटाला ते स्वतःच घाबरले. आल्फ्रेड नोबेल यांनी ते मातीसारख्या भुकटीत मुरवून १८६७मध्ये डायनामाइटचं पेटंट घेतलं. त्याआधी १८६४मध्ये याच नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटात त्यांचा धाकटा भाऊ गेला होता. म्हातारपणी नोबेल यांना हृदयविकार जडला आणि डॉक्टरांनी औषध सुचवलं ते नायट्रोग्लिसरीनच. शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैल पडतात. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाच्या शोधाला १९९८चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्याकडे बहुतेकांच्या खिशात सॉर्बिट्रेट असते. ती सहा गटवाल्या सॉर्बिटॉलच्या घराण्यातली, पण काम तेच.

रेडिएटरमधलं कूलंट आणि ग्लिसरीन दोन्ही गोड, दाट. मग एकच का?

नाही! आणि हे उत्तर नीट वाचा. कूलंटमध्ये बहुधा इथिलिन ग्लायकॉल असतं, दोन गटवालं. पोटात गेलं की यकृतात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, ते कॅल्शियमबरोबर खडे होऊन मूत्रपिंडात बसतं. गोड लागतं म्हणून सांडलेलं कूलंट कुत्री चाटतात आणि मरतात. ट्रॅक्टरचं कूलंट कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नका.

दुसरं भावंड डायइथिलिन ग्लायकॉल. स्वस्त, गोडसर, दिसायला ग्लिसरीनसारखं आणि मूत्रपिंडाला घातक. १९३७मध्ये अमेरिकेत एक औषध त्यात विरघळवून विकलं आणि शंभरावर माणसं मेली. १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून दिलेल्या द्रवात हेच मिसळलेलं होतं आणि १४ रुग्ण दगावले. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. २०२२मध्ये गांबियात आणि २०२५मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या औषधातून लहान मुलं गेली, तिथेही संशयाची सुई याच ग्लायकॉलांवर होती.

घरी फरक ओळखता येत नाही. डोळ्यांनी नाही, बोटाने नाही, जिभेने तर नाहीच. त्याला गॅस क्रोमॅटोग्राफीचं यंत्र लागतं. म्हणून पोटात जाणारं किंवा तोंडात लावायचं ग्लिसरीन औषधाच्या दुकानातूनच, बंद बाटलीत, लेबलवर ‘आय.पी.’ म्हणजे भारतीय औषधसंहितेची खूण बघून घ्यायचं. साबणाच्या सामानाच्या दुकानात कॅनमधून सुटं मिळतं, ते साबणालाच. स्वस्त पडतं म्हणून ते घशाला लावू नका.

प्रॅक्टिकलला कांद्याच्या पापुद्र्यावर ग्लिसरीन का टाकतात?

पापुद्रा सुकू नये म्हणून. एकच थेंब. दोन टाकले की आच्छादन काच घसरते.

साबणाचे फुगे जास्त टिकावेत म्हणून पोरं ग्लिसरीन मागतात. द्यावं का?

द्या की. पेलाभर पाणी, दोन चमचे भांड्यांचं लिक्विड, एक चमचा ग्लिसरीन, रात्रभर ठेवा. फुग्याचं पाणी लवकर उडत नाही. पावसाळी दिवशी आणखी मोठे होतात.

उरलेली बाटली किती दिवस टिकते?

झाकण घट्ट असेल तर बाटलीवरच्या तारखेपर्यंत आरामात. उघडी राहिली तर सडत नाही, पण हवेतलं पाणी पिऊन पातळ होते. बाटली फुटली म्हणून दुसरीत ओतायची वेळ आली तर ती कोरडी घ्या आणि आधी तिच्यावर पट्टी चिकटवा: ग्लिसरीन, कुठून घेतलं, कधी उघडलं. माझ्या कपाटात एक बिनपट्टीची बाटली आहे, दाट, रंगहीन. ती ग्लिसरीनचीच असावी, असं मला पक्कं वाटतं. तरी भेगांना मी ती लावलेली नाही.